शून्य चालत नाही

सहावीत खैरनार बाईंनी फळ्यावर तीन घंटा काढल्या,
एक दर सहा मिनिटांनी वाजणारी, एक आठ, एक नऊ.
आत्ता एकदम वाजल्या, बाई म्हणाल्या,
पुन्हा एकदम कधी वाजतील?
वर्गात कुणालाच घंटांचं पडलेलं नव्हतं.
मी मात्र दचकले.
बाईंना आमचं घर कुणी सांगितलं?

बाबा अंबडला लेथवर, पाच दिवस पाळी, सहावा सुटीचा.
आई सिव्हिलमध्ये रजनी सिस्टर, तिची सुटी आठव्या दिवशी.
दादा ओझरच्या कोल्ड स्टोरेजला खोके रचायचा,
हंगामाप्रमाणे द्राक्षं नाहीतर टोमॅटो.
त्याला मालक नवव्या दिवशी सोडायचा, तेही कुरकुरत.
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
कुणीतरी एक जण कायम झोपलेलं असायचं,
म्हणून कुकरसुद्धा आम्ही
शिटीवर फडकं टाकून लावायचो.

मी शिडी मांडली.
तिघांना एका ओळीत शेजारी शेजारी बसवलं
(तेवढंच).
दोनने भागलं. पुन्हा दोनने. पुन्हा.
आई सगळ्यांत आधी एकवर आली.
ती तशीच, झिजते आणि बोलत नाही.
बाबा तीनवर अडून बसले,
दादा तर नवाचा नऊच, दोनला दाद देईना.
मग तीन आणला, तेव्हा दोघं वितळले.
डावीकडचे सगळे आकडे गुणले:
बहात्तर.

मोजायला कुठून लागायचं, ते पुस्तकात नव्हतं.
मी पुराच्या दिवसापासून धरलं.
त्या दिवशी गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागली होती,
बस बंद, कंपनी बंद, ओझरचा टेम्पो आलाच नाही,
आई रात्रपाळी करून कशीबशी घरी पोचलेली.
चौघं एका ताटलीत भजी खात होतो
आणि बाबा पत्ते पिसताना खोटेपणा करत होते, सगळ्यांदेखत.
तो दिवस शून्य.
दुसऱ्या दिवसापासून तिघांच्या पाळ्या नव्याने लागल्या,
मी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघा ओढत गेले.

बहात्तरावा दिवस उजाडला.
गणित चुकलं नव्हतं. तिघंही घरी होते.
तिघंही झोपले होते.
बाबा उताणे, आई भिंतीकडे तोंड करून,
दादाचे पाय उंबऱ्याबाहेर.
मी सकाळभर चपला हातात घेऊन वावरले.
दुपारी पाणी आलं तेव्हा
नळाखाली बादलीत कापड टाकलं, आवाज नको म्हणून.
संध्याकाळी आई उठली आणि म्हणाली,
अगं, हाक तरी मारायचीस.

पुढे दादाने नोकरी बदलली, सातपूरला, दर सातव्या दिवशी सुटी.
आम्हाला वाटलं, दोन दिवस वाचले.
मी शिडी पुन्हा मांडली.
सातला कुणाशीच काही सामाईक नव्हतं,
तो पूर्णच्या पूर्ण गुणला गेला.
एकशे अडुसष्ट.
त्याच वर्षी दादा वेगळी खोली बघायला लागला.

बाबा रिटायर झाले तेव्हा एक झाले.
रोजच सुटी. एकने कुणाचा लसावि वाढत नाही.
छप्पनवर आलो आम्ही, बाबांमुळे,
आणि ते दिवसभर गॅलरीत बसून
कुणाला अडचण होणार नाही असे खोकायचे.

एक सांगायचं राहिलं.
चाचणीत प्रश्न होता:
सहा, आठ आणि नऊ यांनी निःशेष भाग जाणारी
सर्वांत लहान संख्या कोणती?
मी शून्य लिहिलं.
बाईंनी लाल पेनने गोल केला, मग थोडं थांबून बाजूला लिहिलं:
भाग जातो गं, पण शून्य चालत नाही.
अर्धा गुणही दिला नाही.

आता मी नगरला असते, माझी सुटी अकराव्या दिवशी,
शिडी मांडायचं मी सोडून दिलंय.
पण धरणातून पाणी सोडलं की
बाबांचा फोन येतो, आईपासून लपून केल्यासारखा.
कसे आहात, जेवलात का, असलं काही नाही.
एवढंच म्हणतात:
मारुतीच्या कमरेला लागलंय बघ.
आणि मग बराच वेळ
दोघंही फोन ठेवत नाही.